वाटी, चमचा आणि वाङ्मयेतिहास

वर्ध्यात बसून पाकशास्त्रावर लिहिताना आम्हांस थोडा संकोच वाटतो. आमच्या जिल्ह्याची ख्याती चवीची नव्हे, अस्वादव्रताची. १९३५ साली गांधीजींनी येथील मगनवाडीत सोयाबीनचे प्रयोग केले. पुढे सेवाग्रामातही जेवण हा जिभेच्या संयमाचाच पाठ होता. त्या स्वयंपाकघराचा इतिहास सविस्तर लिहिला गेला. चवीची बाजू मराठीत ज्यांनी समर्थपणे मांडली, त्या कमलाबाई ओगले (१९१३-१९९९) मात्र आमच्या वाङ्मयेतिहासात शोधूनही सापडत नाहीत.

कमलाबाई मूळच्या सांगली जिल्ह्यातील कुंडलच्या. शालेय शिक्षण बेताचे. खरी विद्या मिळाली ती सासरच्या चुलीपाशी. त्यांचे ‘रुचिरा’ १९७० साली प्रसिद्ध झाले. मुंबई दूरदर्शन सुरू व्हायला तेव्हा दोन वर्षांचा अवकाश होता. इंग्लंडात डेलिया स्मिथ यांचे पहिले पाकपुस्तक १९७१ साली आले. पण त्यांना घरोघरी पोहोचवले ते बीबीसीच्या पडद्याने. कमलाबाईंना ही कीर्ती दिली ती छापील पानाने. ‘सव्वा लाख सुनांची सासू’ हे त्यांचे बिरूद त्याचीच साक्ष देते.

या यशाचे मर्म आमच्या मते मापात आहे. शेर-तोळे मागे पडून देशात दशमान मापे रुळत होती त्या काळात कमलाबाईंनी वाटी आणि चमचा ही घरातलीच मापे प्रमाण मानली. वाटी लहान असो वा मोठी, एकच वाटी वापरली की जिनसांचे परस्परप्रमाण बिघडत नाही. आई-सासूच्या हाताचा ‘अंदाज’ असा परक्या मुलीला वाचता येईल अशा गद्यात उतरला. माहेरापासून दूर, शहरातल्या दोन खोल्यांत संसार मांडणाऱ्या मुलीला ‘विचारायचे कोणाला?’ या प्रश्नाचे उत्तर मिळाले.

लोकांनी वर्षानुवर्षे वापरलेले, पीठ-तेलाच्या डागांनी भरलेले हे गद्य आम्ही वाङ्मय मानत नाही. ओवी जात्यावरून उचलून आम्ही अभ्यासक्रमात आणली, ती योग्यच झाले. मग जात्याच्या शेजारची चूलच तेवढी वर्गाबाहेर का? स्त्रियांच्या ज्ञानाचा इतिहास लिहायचा, तर या प्रश्नाला आम्हां अध्यापकांना सामोरे जावेच लागेल.