गोषवारा, कमांड लाइनवरचा

ओळी आणि रकाने असलेल्या साध्या मजकूर-फाइलीतील नोंदी एखाद्या रकान्यानुसार वेगवेगळ्या लावून प्रत्येक गठ्ठ्याची संख्या किंवा बेरीज काढण्याची रीत. स्प्रेडशीटमध्ये हे काम पिव्हट टेबल करते. कमांड लाइनवर ते कट, सॉर्ट, युनिक, ऑक असे लहान आदेश एकमेकांना जोडून होते. महसुली भाषेत ‘गट’ म्हणजे जमिनीचा तुकडा, म्हणून या नोंदीत समूहासाठी ‘गठ्ठा’ हा शब्द योजला आहे.

पुणे जिल्ह्यातल्या मुळशी तालुक्यात, किंवा महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात, या कामाचे जुने रूप तलाठ्याच्या दप्तरात दिसते. सातबारा एका गटाचा असतो. एका खातेदाराची जमीन भूगावात चार गटांत विखुरलेली असेल, तर सातबारे चार. गाव नमुना ८-अ मात्र खात्याचा असतो. त्या खात्यावरचे गावातले सगळे गट तिथे एकाखाली एक येतात आणि शेवटी क्षेत्र व आकार यांची बेरीज. म्हणजे सातबारा ही मूळ ओळ आणि ८-अ हा खातेनिहाय गोषवारा. संगणकाने यात नवी कल्पना आणलेली नाही, वेग मात्र आणला.

जनगणनेतही हीच रीत होती. भारतात १९०१ पासून चिठ्ठी पद्धत आली. प्रत्येक माणसाची माहिती एका चिठ्ठीवर उतरवायची, चिठ्ठ्या धर्म, वय, व्यवसाय अशा खणांत टाकायच्या आणि मग खणातल्या चिठ्ठ्या मोजायच्या. आधी वेगळे लावणे, नंतर मोजणे. युनिक्स या संगणक-प्रणालीवरची सॉर्ट आणि युनिकची जोडीही याच क्रमाने चालते.

एका आदेशाचा निकाल थेट दुसऱ्याच्या हाती देणारी ‘पाइप’ ही सोय डग्लस मॅक्इलरॉय यांच्या आग्रहामुळे केन टॉम्पसन यांनी १९७३ मध्ये बेल लॅब्जमध्ये युनिक्सला जोडली. गावनिहाय नोंदी मोजायच्या असतील तर कटने गावाचा रकाना काढायचा, सॉर्टने सारखी नावे शेजारी आणायची, युनिकला मोजणीचा पर्याय देऊन प्रत्येक नाव किती वेळा आले ते काढायचे आणि शेवटी पुन्हा सॉर्टने मोठा आकडा वर घ्यायचा. सॉर्ट गाळले की हमखास चूक होते, कारण युनिक फक्त लागोपाठच्या ओळी ताडून पाहतो. पिरंगुट, पौड, पिरंगुट अशा क्रमाने नावे आली तर तो पिरंगुटचे दोन गठ्ठे करतो. १९८६ मध्ये संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथ यांनी मजकुरातले सर्वाधिक वेळा आलेले शब्द मोजणारा कित्येक पानांचा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला, तेव्हा त्याच्या परीक्षणात मॅक्इलरॉय यांनी तेच काम सहा आदेशांच्या साखळीत करून दाखवले. तिचा गाभा हीच सॉर्ट-युनिकची जोडी होती.

संख्येऐवजी बेरीज हवी असेल तर ऑक. अल्फ्रेड अहो, पीटर वाइनबर्गर आणि ब्रायन कर्निघन यांच्या आडनावांवरून या १९७७ च्या भाषेचे नाव पडले. खाते क्रमांक ही किल्ली धरून ऑक प्रत्येक खात्याची वेगळी बेरीज लक्षात ठेवतो. फाइल आधी क्रमाने लावण्याची गरज नसते, आणि स्मरणात सगळ्या ओळी नव्हे तर फक्त खाती राहतात. दोन रकाने मिळून किल्ली केली की गाव आणि पीक असा दुहेरी गोषवाराही निघतो. खात्री करायची असेल तर सर्व गठ्ठ्यांची बेरीज मूळ रकान्याच्या एकूण बेरजेशी ताडावी. या पडताळणीचा कंटाळा करू नये.

खरी मेहनत मात्र आदेश लिहिण्याच्या आधीची आहे, आणि मराठी फाइलींत ती जास्तच पडते. महाळुंगे आणि म्हाळुंगे, हिंजवडी आणि हिंजेवाडी, भूगाव आणि भुगाव ही माणसाला तीन गावे, यंत्राला सहा. नावाच्या शेवटी राहिलेली मोकळी जागा किंवा जोडाक्षरात दडलेले अदृश्य चिन्हही नवा गठ्ठा उभा करते. म्हणून पहिली मोजणी नावांचीच करावी आणि निकाल नावाच्या क्रमाने वाचावा. एकदाच आलेल्या नावापाशी थांबावे. बहुतेकदा तिथे शुद्धलेखनाचा फरक निघतो.

पत्त्याचा रकाना दुसरा सापळा. ‘भूगाव, ता. मुळशी, जि. पुणे’ या एका पत्त्यात दोन स्वल्पविराम आहेत. स्वल्पविरामाने तोडलेल्या (सीएसव्ही) फाइलीत अवतरणचिन्हे असली तरी कटला ती कळत नाहीत, आणि पुढचे सगळे रकाने सरकतात. अशा वेळी टॅबने तोडलेली फाइल घ्यावी, किंवा २०२३ पासून ऑकच्या नव्या आवृत्त्यांत आलेला सीएसव्हीचा पर्याय वापरावा.

आकड्यांचा दोष अधिक घातक, कारण तो दिसत नाही. ऑक देवनागरी अंकांना संख्या मानत नाही. ‘१२’ त्याच्या हिशेबी शून्य, आणि तो तक्रारही करत नाही. क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटर अशा तीन भागांत, दोन टिंबे देऊन लिहिले असेल, जसे ०.४०.५०, तर अंक इंग्रजी केल्यावरही ऑक दुसऱ्या टिंबापाशी थांबतो आणि ५० चौरस मीटर सांडतात. आधी तिन्ही भाग सुटे करून सगळ्याचे चौरस मीटर करावेत: एक हेक्टर म्हणजे १०,००० आणि एक आर म्हणजे १००.

नावांचा घोळ टाळायला कोड बरा. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा अंकी कोड दिला गेला, आणि त्या जनगणनेचा प्राथमिक गोषवारा गावनिहाय फाइलींत मिळतो. पण गाव तेच राहिले तरी त्याचा गठ्ठा बदलतो. सूस आणि महाळुंगे ही मुळशीतली गावे २०२१ मध्ये पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आली. त्यामुळे आधीची आणि नंतरची ग्रामपंचायतनिहाय फाइल शेजारी ठेवताना प्रथम दोन्हींतल्या कोडांची यादी सॉर्ट करून जुळवावी, एकीत असलेली आणि दुसरीत नसलेली गावे वेगळी काढावीत, आणि मगच मोजावे.