पेण-रोह्याच्या चाकांचे माप

पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातील पेण व रोहा या तालुक्यांत भात वाहणाऱ्या बैलगाड्यांच्या काळी, चाकाच्या घेरापेक्षा किंचित आखूड घडविलेली लोखंडी धाव लोहार तापवी, प्रसरण पावताच चढवी आणि पाण्याने थंड करी. आकुंचनाने ती लाकडी घेर व आरे घट्ट आवळून धरी, म्हणजे अचूक माप हेच त्या कारागिरीचे मर्म होते. पुढे, वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातील फियाट मुंबई-गोवा मार्गाने पेणवरून धावू लागली, तेव्हा ५.२०-१४, अर्थात ५.२० इंच रुंदी व १४ इंच रिम, हे माप प्रचारात आले. आज त्याच फियाटच्या पुढील रूपासाठी, म्हणजे जुन्या प्रीमियर पद्मिनीसाठी, रेडियल टायर निवडताना, १५५/८० आर १४ या मापात बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे १२४ मिलिमीटर, आणि एकूण व्यास सुमारे ६०४ मिलिमीटर येतो, हे ध्यानी घ्यावे. कारण मूळ व्यासापासून फार ढळल्यास वेगदर्शक चुकीचा वेग दाखवितो आणि व्यास वा रुंदी अवाजवी वाढल्यास टायर मडगार्डला घासतो. म्हणून जुन्या गाडीच्या मालकाने रुंदीच्या मोहात पडण्यापूर्वी मूळ व्यासाचा दाखला अवश्य पाहावा.