श्रद्धा बदलली, वास्तू टिकली : नट्सफर्डचे युनिटेरियन चॅपेल

इंग्लंडच्या चेशायर परगण्यातील नट्सफर्ड या लहानशा गावात ब्रूक स्ट्रीट चॅपेल हे विटांचे प्रार्थनागृह तीन शतकांहून अधिक काळ उभे आहे. आज ते युनिटेरियन पंथाचे म्हणून ओळखले जाते. मात्र ते बांधले गेले तेव्हा या पंथाच्या मतांना कायद्याची मान्यता नव्हती. वास्तू जुनी आणि तिच्यातील श्रद्धा नवी असेल, तर वास्तूवर हक्क कोणाचा? हा प्रश्न पुढे थेट ब्रिटिश संसदेपुढे आला.

१६६२च्या एकरूपता कायद्यानंतर अधिकृत चर्चचे नियम अमान्य करणाऱ्या सुमारे २,००० धर्मोपदेशकांना पदे सोडावी लागली. त्यांच्या अनुयायांना उघडपणे उपासना करण्याची मुभा मिळाली ती १६८९च्या सहिष्णुता कायद्याने. मात्र, प्रार्थनास्थळाची नोंदणी आवश्यक होती आणि उपासनेच्या वेळी दाराला कडी-कुलूप लावण्यास मनाई होती. पिता, पुत्र व पवित्र आत्मा हे त्रैक्य नाकारणाऱ्यांना तर ही सवलतच नव्हती. याच काळात प्रेस्बिटेरियन मंडळींनी हे चॅपेल उभारले.

चॅपेलची रचना साधी आहे. उंच मनोरा नाही, भव्य वेदी नाही. लहान काचांच्या खिडक्या, दगडी पट्ट्यांचे छप्पर आणि दोन्ही टोकांना सज्जात नेणारे बाहेरचे जिने, ही तिची ओळख. प्रवचनपीठ लांब भिंतीच्या मध्यावर असल्याने उपदेशकाचे शब्द सर्वांपर्यंत सहज पोहोचत. विधीपेक्षा प्रवचनाला महत्त्व देणाऱ्या विचारातून ही मांडणी आली.

अठराव्या शतकात अशा अनेक मंडळींचा कल हळूहळू ईश्वराच्या एकत्वाकडे झुकला. १८१३मध्ये त्रैक्य नाकारणे कायदेशीर ठरले; पण १८४२मध्ये लेडी ह्यूली न्यासाच्या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने युनिटेरियनांविरुद्ध निकाल दिला. परिणामी देशभरातील जुनी चॅपेले आणि त्यांभोवतीच्या पूर्वजांच्या कबरी हातून जाण्याची भीती निर्माण झाली. अखेर १८४४च्या कायद्याने, विशिष्ट मताचे बंधन न्यासपत्रात स्पष्ट नसल्यास २५ वर्षांची वहिवाट ग्राह्य धरली. भारतात इंग्रजी शिक्षणाच्या धोरणामुळे परिचित असलेल्या मेकॉले यांनी या विधेयकाच्या बाजूने भाषण केले होते.

कादंबरीकार एलिझाबेथ गॅस्केल यांचे बालपण नट्सफर्डमध्ये गेले. ‘क्रॅनफर्ड’ या त्यांच्या कादंबरीतील गाव याच गावावर बेतलेले आहे. १८६५मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची कबर चॅपेलच्या आवारात आहे. त्यांचे पती, युनिटेरियन धर्मोपदेशक विल्यम गॅस्केल यांनाही १८८४मध्ये तेथेच दफन करण्यात आले.

विल्यम यांनी मँचेस्टरच्या ज्या युनिटेरियन परंपरेतील महाविद्यालयात अध्यापन केले, ते पुढे ऑक्सफर्डला हलले. तेथेच १९०१ ते १९०३ या काळात महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी तौलनिक धर्माचा अभ्यास केला. मायदेशी परतल्यावर त्यांनी प्रार्थना समाजाचे कार्य केले आणि १९०६मध्ये अस्पृश्यतानिवारणासाठी डिप्रेस्ड क्लासेस मिशनची स्थापना केली. एकेकाळी कायद्याबाहेर असलेल्या विचारपरंपरेचा धागा असा महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाशीही जोडला गेला आहे.