हॅशच्या आधीची हाक

तळोदा तालुक्यातील एका पुनर्वसन वसाहतीत मी एका आजीचे बोलणे ध्वनिमुद्रित करीत होतो. आजींचे मूळ गाव नर्मदेच्या काठी. सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेलेले. तासभर त्या फक्त नावे सांगत राहिल्या. शेतांची नावे, नाल्यांची नावे, महूच्या एकेका झाडाची नावे. माझ्याबरोबर आलेल्या विद्यार्थ्याने त्यातला दोन मिनिटांचा तुकडा इन्स्टाग्रामवर टाकला आणि खाली हॅशटॅगांची माळ लावली : #भारत, #निसर्ग, #नदी, #व्हायरल, #ट्रेंडिंग. आठवड्याभरात कितीतरी अनोळखी लोकांनी बदाम पाठवले. एकाने विचारले, राहण्याची सोय कुठे आहे? आजींच्या गावचा मात्र एकही माणूस तिथे आला नाही.

"सर, टॅग चुकले का?" विद्यार्थ्याने विचारले. इतिहास शिकवण्यात माझे आयुष्य गेले. हॅशटॅगविषयी मला काय कळणार? पण विचार करू लागलो तसे लक्षात आले की, हा प्रश्न आमच्या नंदुरबार जिल्ह्याला नवा नाही. चार शब्दांत अनोळखी माणसांना एकत्र कसे आणायचे, याचा अभ्यास या मुलखाने शंभर वर्षे केलेला आहे.

आधी त्या चिन्हाचा इतिहास सांगतो, तो फार लांबलचक नाही. १९८८ साली सुरू झालेल्या आयआरसी या गप्पांच्या प्रणालीत चर्चेच्या दालनांच्या नावाआधी # लावत. ती पद्धत पाहून ख्रिस मेसिना या तंत्रज्ञाने २३ ऑगस्ट २००७ रोजी ट्विटरवर सुचवले की, एका विषयावर बोलणाऱ्यांनी शब्दाआधी ही खूण करावी. कंपनीने तेव्हा ते फारसे मनावर घेतले नाही. त्याच ऑक्टोबरात सॅन डिएगोच्या परिसरात वणवे पेटले. कुठली वस्ती रिकामी करायची, कुठला रस्ता बंद आहे, हे लोक एका ठरलेल्या हॅशटॅगखाली एकमेकांना कळवू लागले. संकट आले तेव्हा खुणेचा अर्थ कळला. पुढे २००९ मध्ये ट्विटरने हॅशटॅगला दुवा जोडला आणि २०१३ मध्ये फेसबुकनेही तो स्वीकारला.

थोडक्यात, हॅशटॅग म्हणजे जाहीर हाक. पण हाक कुणाला, कुठल्या भाषेत आणि कशासाठी मारायची, हे त्या चिन्हात लिहिलेले नसते. ते ठरवावे लागते.

आमच्याकडे ते कसे ठरले ते पाहू. १९२२ च्या अखेरीस दक्षिण गुजरातच्या आदिवासी गावांत 'देवी' आली. किनाऱ्यावरच्या मच्छीमार वस्त्यांतून निघालेली ही लाट गावोगाव सरकत गेली आणि तिचे हेलकावे खानदेशापर्यंत पोहोचले. अंगात आलेली माणसे सांगत : दारू सोडा, मांस सोडा, रोज अंघोळ करा. ना छापखाना, ना पुढारी. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी या चळवळीवर अख्खा ग्रंथ लिहिला आहे. मला त्यात महत्त्वाचे वाटते ते निरोपाचे रूप. आज्ञा तोंडपाठ होण्याइतक्या छोट्या होत्या आणि प्रत्येक आज्ञा दुसऱ्या दिवशी सकाळी पाळता येण्याजोगी होती.

पंधरा वर्षांनी, १९३७-३८ च्या सुमारास, तळोदा तालुक्यात गुलाम महाराजांची चळवळ उभी राहिली. मोरवड, म्हणजे आजचे रंजनपूर, इथे आरतीसाठी डोंगरातून माणसे लोटू लागली. दारूबंदी, स्वच्छता हा उपदेश जुनाच होता. नवा होता एक शब्द, 'आप'. महाराजांचे अनुयायी एकमेकांना 'आप' म्हणू लागले. ज्यांना सावकार, जमीनदार आणि शिपाई पिढ्यान्‌पिढ्या अरे-तुरे करीत आले, त्यांनी एकमेकांना आदराने हाक मारायची! दोन अक्षरांत अख्खा कार्यक्रम सामावला होता. हा शब्द उच्चारणारा माणूस त्या क्षणी चळवळीत सामील होत असे, वेगळी नोंदणी लागत नसे. इतका नेमका हॅशटॅग मी आजवर पाहिलेला नाही.

मग १९४२. ९ सप्टेंबरला नंदुरबार शहरात शाळकरी मुलांची मिरवणूक निघाली. पोलिसांच्या गोळीबारात पंधरा वर्षांचा शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार साथीदार हुतात्मा झाले. त्या मिरवणुकीतल्या घोषणांत 'वंदे मातरम्' होते, तशी गुजराती घोषणाही होती. बाहेरच्या वाचकाला याचे नवल वाटते. पण नंदुरबारची बाजारपेठ मराठी, अहिराणी आणि गुजराती अशा तिन्ही भाषा बोलते. मुलांनी आपल्या गल्लीला कळेल त्या भाषेत गल्लीला साद घातली आणि देशाला कळेल त्या शब्दांत देशाला.

भाषेची हीच निवड पुढे नर्मदेच्या खोऱ्यात अधिक जाणीवपूर्वक झाली. अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे सरदार सरोवराच्या बुडितात येत होती. तिथली माणसे भिली, पावरी बोलणारी. तरी आंदोलनाची घोषणा हिंदीत होती : 'कोई नहीं हटेगा, बांध नहीं बनेगा.' कारण खोरे तीन राज्यांत पसरलेले होते आणि ऐकणारे सरकार दिल्लीत होते. जीवनशाळांतली मुले 'लडाई पढाई साथ-साथ' म्हणत, तेही पाहुण्यांना कळावे म्हणून. घरची बोली घरात राहिली आणि घोषणा वेशीबाहेर गेली.

आणि एका गावाचे नाव तर साऱ्या जगभर गेले. मणिबेली हे महाराष्ट्रात सर्वांत आधी बुडणारे गाव. जागतिक बँकेने धरणासाठी १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले होते. बँकेनेच नेमलेल्या मोर्स समितीचा प्रतिकूल अहवाल १९९२ मध्ये आला आणि मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेले कर्ज नाकारले. पुढच्या वर्षी, सप्टेंबर १९९४ मध्ये, मोठ्या धरणांना पैसा देणे थांबवा अशी मागणी बँकेकडे करणारे एक निवेदन निघाले. ४४ देशांतील संघटनांनी त्याला पाठिंबा दिला. त्याचे नाव 'मणिबेली जाहीरनामा'. सही करणाऱ्यांपैकी बहुतेकांना नकाशावर मणिबेली दाखवता आली नसती. तरी त्या चार अक्षरांपाशी ते एकत्र जमले. घरे पाण्याखाली गेली, नाव मात्र तरले.

मात्र त्याच नावाचे दुसरे टोकही पाहिले पाहिजे. मणिबेली हा शब्द जगाच्या चर्चेत गेला तेव्हा त्याचा अर्थ 'धरणविरोध' एवढाच उरला. तिथली होळी, तिथले महू, कोणाचे शेत कुठे होते, हे त्या अर्थात बसत नव्हते. खूण जितकी दूर जाते तितकी ती आतून रिकामी होत जाते. हॅशटॅगचेही तेच होते. #भारत या खुणेखाली सारा देश बसतो, म्हणून तिथे कुणीच कुणाला सापडत नाही.

आज आमच्याकडे ९ ऑगस्टला याचे रोकडे उदाहरण दिसते. ही तारीख १९४२ पासून क्रांतिदिनाची. संयुक्त राष्ट्रसंघाने १९९४ मध्ये हाच दिवस जगातील मूळनिवासी लोकांसाठी जाहीर केला. आता त्या दिवशी जिल्ह्यातल्या तरुणांच्या मोबाइलवर #विश्व_आदिवासी_दिवस असतो आणि सोबत 'जय जोहार'. जोहार मराठी वाचकाला चोखोबांच्या अभंगांतून ठाऊक आहे, पण हा जोहार आला तो झारखंडच्या बाजूने. सातपुड्यातल्या भिल्ल तरुणाने तो उचलला, कारण त्याला रांचीच्या तरुणाशी बोलायचे आहे. काही वडीलधाऱ्यांना हे उसने वाटते. मला यात नर्मदेच्या हिंदी घोषणेचाच पुढचा टप्पा दिसतो. फरक एवढाच की, त्या दिवशी जे मोबाइलवर असते ते रस्त्यावरही असते. ढोल असतात, पावरी असते, माणसे असतात. खुणेमागे माणसे उभी आहेत तोवर ती खूण जिवंत.

याच जिल्ह्यात शहादा तालुक्यातील टेंभली आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले 'आधार' तिथे दिले गेले. # हे इंग्रजीत क्रमांकाचेही चिन्ह आहे, हा योगायोग मला मोठा अर्थपूर्ण वाटतो. क्रमांक वरून मिळतो आणि माणसाला एकेकटे ओळखतो. हाक खालून उठते आणि माणसांना एकमेकांची ओळख देते. चिन्ह एकच असले तरी दोन्ही कामे वेगळी.

हे सारे मी विद्यार्थ्याला सांगितले. मग आम्ही दोघांनी बसून नवे टॅग ठरवले. तेव्हा अडचणी कळल्या. हॅशटॅगमध्ये मोकळी जागा चालत नाही, नाव तिथेच तुटते. आमच्या जिल्ह्याचे नाव कुणी 'नंदुरबार' लिहितो, कुणी 'नंदूरबार', आणि एका उकारामुळे एका गावचे लोक दोन ओळींत विभागले जातात. अक्राणी आणि धडगाव ही एकाच तालुक्याची दोन नावे, तीही दोन्ही लिहावी लागतात. शेवटी पाचच खुणा ठेवल्या : जिल्हा दोन्ही उकारांनी, तालुका, गाव आणि आजींच्या पाड्याचे नाव. #व्हायरल काढून टाकला.

या वेळी पाहणारे पहिल्यापेक्षा पुष्कळ कमी होते. पण बाराव्या दिवशी गुजरातमधल्या एका पुनर्वसन वसाहतीतून एका मुलीचा निरोप आला. तिने स्वतःच्या पाड्याचे नाव सहज शोधून पाहिले होते. आजी तिच्या आजोबांची चुलतबहीण निघाली. धरणामुळे एक कुटुंब दोन राज्यांत गेले होते.

व्हिडिओ कॉलवर दोघी पहिल्यांदा बोलल्या तेव्हा मी तिथे होतो. मुलीला पावरी नीट येत नव्हती, आजींना गुजराती येत नव्हती. थोडा वेळ दोघी नुसत्या हसत राहिल्या. मग आजींनी शेतांची नावे घ्यायला सुरुवात केली, आणि पलीकडून ती मुलगी एकेक नाव मागून म्हणू लागली.