मातीखालचा टेक्सास

संत्र्याची कलमं घ्यायला गेलेला काटोल-वरूडकडचा शेतकरी खुंटाची चौकशी केल्याशिवाय पैसे काढत नाही. जंबेरी की रंगपूर लाईम? वरचा डोळा नागपुरी संत्र्याचा, मुळं मात्र आडदांड लिंबाची. बागेला डिंक्या कितपत छळणार, झाड किती वर्षं तग धरणार, हे बरंचसं त्या मुळांवर ठरतं. शेंदूरजनाघाटच्या रोपवाटिका याच जोडणीवर जगतात. तेव्हा नाशिकच्या वाइनची वंशावळ काढताना विदर्भातल्या माणसाने बाटलीआधी खुंट पाहिला, तर नवल नाही.

बाटलीवर द्राक्षजाती फ्रान्सच्या: शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यों ब्लाँ, शिराज. ही युरोपीय वेल अमेरिकेत रुजवायचा खटाटोप जुना आहे. थॉमस जेफरसनने व्हर्जिनियातल्या माँटिचेलोच्या उतारावर ती पुनःपुन्हा लावली, पण धड वाइन काही हाती लागली नाही. थंडी होती, बुरशी होती, आणि त्या मुलखातली फायलोक्सेरा नावाची बारीक कीड मुळं खायची. तिथल्या रानवेली तिला पुरून उरत. युरोपातून आलेली वेल वाळून जाई.

१८६०च्या दशकात ही कीड अमेरिकन रोपांबरोबर फ्रान्सात पोचली आणि मळेच्या मळे बसले. १८६८मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ प्लांशाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मुळांवर पकडली. पुढे तोडगा निघाला तो विचित्रच: जिथून रोग आला, तिथलीच मुळं घ्यायची आणि वर फ्रेंच कलम करायचं. पण चुनखडीच्या जमिनीत ते पहिले खुंट पिवळे पडू लागले. म्हणून १८८७मध्ये फ्रेंच द्राक्षतज्ज्ञ प्येर व्हियाला अमेरिकेत चुनखडीला न बधणाऱ्या वेली शोधत हिंडले. टेक्सासातल्या डेनिसन गावी त्यांना टी. व्ही. मन्सन भेटले. या माणसाने रानोमाळ भटकून रानद्राक्षं जमवली होती. पुढच्याच वर्षी फ्रान्सने मन्सनना कृषी-सन्मान दिला. टेक्सासमधल्याच बेल काउंटीत डॉग रिज नावाचं टेकाड आहे. तिथल्या एका वेलीला त्या टेकाडाचंच नाव मिळालं.

हाच आपल्याकडचा डॉगरीज. महाराष्ट्रात तो १९९०च्या दशकात पसरला, पण फायलोक्सेराच्या भीतीने नव्हे. विहिरी आटत होत्या, पाणी खारवत होतं आणि स्वतःच्या मुळांवरची थॉमसन द्राक्षवेल दम तोडत होती. उन्हाळ्याआधी खुंट लावायचा, पावसाळा सरता सरता तो जमिनीपासून थोडा वर छाटायचा, मधोमध चिरायचा, दोन डोळ्यांची काडी पाचरीसारखी तासून त्यात बसवायची आणि प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट आवळायची. काडीची साल खुंटाच्या सालीला भिडली नाही, तर कलम गेलंच म्हणून समजा. हात बसलेला कारागीर हे काम बोलता बोलता उरकतो.

वाइन तेव्हा नवी होती असंही नाही. नारायणगावात शामराव चौगुले यांनी १९८०च्या दशकातच फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने फसफसती वाइन काढली होती. नाशिकला राजीव सामंत स्टॅनफर्डहून परतले, गंगापूरच्या घरच्या जमिनीत वेली लावल्या आणि सल्ल्याला कॅलिफोर्नियाचे केरी डॅम्स्की आणले. त्यांच्या सुला कंपनीची पहिली वाइन २०००ची. पुढच्या वर्षी राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं आणि विंचूरला वाइन पार्क. सरकारी कागदांत मुळांना कुठे जागा असते म्हणा!

अडचण मात्र मुळांतच होती. डॉगरीज जोरकस. थॉमसनचा घड भरायला तो जोर कामी येतो. वाइनच्या द्राक्षाला तोच नडतो. पालाच माजतो, घड सावलीत राहतात, दाट पानांत भुरीला आयतं रान मिळतं. म्हणून वाइनवाले आता ११० रिक्टरकडे वळतात. माँपेलियेच्या फ्रान्झ रिक्टर यांनी दोन अमेरिकन रानवेलींच्या संकरातून तो काढला. त्यातली एक, बर्लांडिएरी, टेक्सासच्या चुनखडीतलीच.