क्रमसंवेदी पर्यायांचे विश्लेषण

कमांड-लाइनवर तोच पर्याय पुन्हा देता यावा आणि त्याच्या जागेनुसार अर्थ बदलावा, यासाठी प्रोग्रामने केलेली वाचनव्यवस्था.

युनिक्समधील फाइली शोधणारी ‘फाइंड’ ही आज्ञा याचे ठळक उदाहरण. ‘डिलीट’ हा शब्द ‘नेम’ या अटीनंतर लिहिला तर जुळणाऱ्याच फाइली जातात. आधी लिहिला तर अट तपासण्यापूर्वीच सगळे पुसले जाते. जीसीसी या कंपायलरमध्ये ‘आय’ पर्यायाने अनेक फोल्डर देता येतात, ते डावीकडून उजवीकडे शोधले जातात. स्थिर लायब्ररी मात्र ती वापरणाऱ्या ऑब्जेक्ट फाइलनंतरच लिहावी लागते. छापील मजकूर ओळखणाऱ्या टेसरॅक्टमध्येही मराठी आधी की इंग्रजी, यावर निकाल बदलू शकतो. देवनागरी कागदपत्रे संगणकावर आणणाऱ्यांनी हे जरूर तपासावे.

पर्याय वाचण्यासाठीचे ‘गेटऑप्ट’ हे फंक्शन पर्याय एकेक करून हाती देते, त्यामुळे क्रम टिकवणे प्रोग्रामरच्या हाती राहते. मात्र ग्नूची आवृत्ती फाइलींची नावे शेवटी सरकवते. पर्याय कोणत्या फाइलीआधी होता, हे त्यात हरवते; गेटऑप्टला दिलेल्या पर्यायसूचीच्या आरंभी उणे चिन्ह दिले की ते टळते.

पायथन २.७ (२०१०) मध्ये आलेल्या ‘आर्गपार्स’ या पर्याय वाचणाऱ्या मॉड्यूलमधील ‘अपेंड’ ही क्रिया पुनरावृत्ती साठवते. पण प्रत्येक पर्यायाची यादी वेगळी असली, तर ‘आधी गाळा, मग जोडा’ आणि ‘आधी जोडा, मग गाळा’ यांतील फरक उरत नाही. खरी चूक होते ती इथेच. सर्व पर्यायांची नावे व मूल्ये जोडीने एकाच यादीत साठवणे हा सर्वांत भरवशाचा उपाय होय.