सुरतेचा वेढा आणि अकबराचा ऑर्गन

इ. स. १५७३ च्या प्रारंभी अकबर बादशहाने तापीकाठच्या सुरतेच्या किल्ल्याला वेढा घातला. फेब्रुवारीच्या अखेरीस किल्ला शरण आला. या मोहिमेतच पोर्तुगीजांचे वकील बादशहाला भेटले. समुद्रापलीकडील या लोकांचे रीतिरिवाज व कलाकौशल्य यांविषयी त्याने मोठ्या कुतूहलाने चौकशी केली. सुरतेच्या इतिहासात तोफांचा आणि व्यापाराचा वृत्तांत पुष्कळ आढळतो. परंतु एका वाद्याच्या प्रवासाचे मूळही याच भेटीत आहे, हे सहसा ध्यानात येत नाही.

१५७५ साली अकबराने हाजी हबीबुल्ला यास भरपूर द्रव्य व कुशल कारागीर देऊन गोव्यास पाठविले. तेथील अपूर्व वस्तू आणाव्यात आणि कारागिरांनी तेथील कसब शिकून यावे, अशी आज्ञा होती. दोन-तीन वर्षांनी तो परतला, तेव्हा त्याच्यासमवेत फिरंगी पोशाख केलेली माणसे होती, नगारे व कर्णे होते आणि एक ऑर्गनही होता. अबुल फजलने ‘अकबरनाम्या’त या वाद्याचा गौरवाने उल्लेख केला आहे. हीच उत्सुकता वाढत गेली आणि १५७९ साली अक्वाविवा, मॉन्सेरात प्रभृती येशूसंघी धर्मगुरू बादशहाच्या निमंत्रणावरून गोव्याहून निघून दमण व सुरत या मार्गाने फत्तेपूर सिक्रीस गेले.

ऑर्गन लोकांपुढे मांडला गेला, त्याचे वर्णन बदायुनीने लिहून ठेविले आहे. पुरुषभर उंचीची पेटी. एक फिरंगी आत बसून वाजवीत आहे, आणि बाहेरचे दोघे मोराच्या पंखांसारखे काही हलवीत आहेत! अकबराच्या नव्या छंदांवर कठोर टीका करणारा हा इतिहासकारही येथे थक्क झाला. आत तारा वाजतात, असा त्याचा समज झाला होता. वस्तुतः ऑर्गनमध्ये तारा नसतात. भात्यातील हवा नळ्यांत शिरून स्वर उमटतो. लांब नळीचा स्वर खालचा, आखूड नळीचा वरचा. ते मोरपंख म्हणजे बहुधा भातेच असावेत.

लोक विस्मित झाले, तरी दरबारी संगीतात हे वाद्य रुजले नाही. पट्टीवरच्या ठरलेल्या स्वरांतून मींड निघत नाही, आणि मींडेवाचून रागाला रूप येत नाही.

पुढे तीन शतकांनी भाता आणि पट्ट्या यांची ही जोडी मराठी रंगभूमीवर निराळ्या रूपाने आली. तिच्यात नळ्यांऐवजी पितळी पत्त्या होत्या आणि भाता पायांनी चालविला जाई. १९१३ साली स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीच्या काळात या ऑर्गनला मानाचे स्थान लाभले. मींड त्यालाही साधत नव्हती. ती गायक नटाच्या गळ्यात आणि सारंगीत होती. ऑर्गनने भरदार सूर धरून गाण्याला आधार दिला. बादशहाच्या दरबारात जे केवळ आश्चर्य ठरले, त्याला नाटकगृहात काम मिळाले, आणि म्हणूनच ते मराठी रसिकांच्या कानांत घर करून राहिले.